बदलीचा ‘ब’

बाबा, तुम्ही जाऊन वीस वर्षं झाली, पण तुमची आठवण काढून मी कधी बसले नाही. आज आली ती ऑफिसात, आणि रागानेच आली. परळच्या एका कंपनीत मी घरासाठी अर्ज आलेल्या गिरणी कामगारांच्या यादीचा डेटाबेस सांभाळते. त्यात बिल्ला नंबराचा एक कॉलम आहे. तो मजकुराचा ठेवलाय, कारण कायम कामगाराचा नंबर नुसता आकडा, आणि तुमच्यासारख्या, गैरहजर कामगाराच्या जागी रोजावर जाणाऱ्या बदलीवाल्याच्या आकड्याआधी ‘ब’. साहेब म्हणाले, “नंबरच आहेत ना? टाइप बदल, इंटिजर कर. सर्च फास्ट होईल.” डेटाबेसच्या कॉपीवर करून पाहिलं, तर ‘ब’पाशी सगळं अडलं. “मग उडव ना ते अक्षर!” उडवलं. कॉलम मुकाट आकड्यांचा झाला आणि तुमचा ब-४१२ शेजारच्या काकांच्या ४१२ वर जाऊन बसला. गिरणी एकच, नंबर एकच, म्हणून माणूसही एकच धरला गेला. तुमची नोंद आधीची, तुम्ही राहिलात. काका यादीतून गेले.

गिरणीच्या संपात तुम्ही दुसरं काय केलंत? लालबागची अख्खी चाळ घरी बसलेली, आणि मालकांनी कायम करतो म्हटल्यावर तुम्ही पोलिसांच्या गाडीतून आत गेलात, काकांच्याच साच्यावर, त्यांच्या मागावर उभे राहिलात. मी सात वर्षांची. काकी आमच्या दारात उभ्या आहेत. “माझ्या घोवाच्या साच्यार उभो रवताना लाज वाटली नाय तुका?” तुम्ही जेवता जेवता म्हणता, “माका पोरां आसत.” त्या गेल्यावर मी विचारलं, “बाबा, काका आता काय करणार?” तेव्हा अशी थोबाडीत मारलीत की दोन दिवस कान सुन्न होता. पोरांसाठी म्हणे! नळावर आईशी कोणी बोलेना, तेही तुम्हाला दिसलं नाही. आणि गिरणीने तुम्हाला शेवटपर्यंत कायम केलंच नाही. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

साहेबांना सांगितलं, “टाइप बदलणार नाही. दोन माणसं एक होतायत, सर.”

“असे किती असतील?”

“मोजले नाहीत. एक मला माहितीय.”

ते खूप चिडले. “मग अक्षर उडवा असं लेखी द्या,” मी म्हटल्यावर “राहू दे,” म्हणाले. कॉपी पुसली. कॉलम होता तसाच आहे. काकी आता शिवडीला मुलीकडे असतात, काकांच्या नावाने त्यांनी केलेला अर्ज शाबूत आहे. त्यांना यातलं काही कळणार नाही.

मी तुम्हाला माफ केलेलं नाही, करणारही नाही. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एवढं लिहिते: घरासाठी तुमच्या नावाने जो अर्ज आहे, तो वारस म्हणून मीच भरलाय. काकींच्या आधी.