तारांखालचा कापूस

माय, तुला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही. अकोल्याच्या एका खोलीत आपण दोघं राहायचो, जे बोलायचं ते चुलीपाशीच बोलून व्हायचं. तुला जाऊन किती वर्षं झाली, आता मीही म्हातारा झालो. काल शिकायला येणाऱ्या एका पोराने विचारलं, ‘सर, तुमच्या बेस गिटारचा आवाज असा कसा येतो?’ त्याचा बेस माझ्यापेक्षा कितीतरी भारी आहे. माझ्या मायने बसवलाय आवाज, असं मी त्याला सांगितलं. त्याला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय.

साठ साल उलटून काही वर्षं झाली होती. आमच्या ऑर्केस्ट्राच्या मालकाने मुंबईहून दोन जुने विजेचे बेस आणले. एक हलका, पोकळ पोटाचा. दुसरा भरीव लाकडाचा, लांब मानेचा, खांदा उतरवणारा. हलका नुसताच घुमायचा, म्हणून मी जड उचलला. तू सरकी काढायच्या जिनिंगमधून आलीस, केसांत कापूस तसाच, आणि त्या जाड तारा बघून म्हणालीस, “एवढ्या मोठ्या बाज्याले चारच तारा? बाकीच्या मालकानं ठेवून घेतल्या काय?”

पण तो हातात बसेना. पिकने, म्हणजे प्लास्टिकच्या नखीने, छेडला की तार खडखडायची. बोटांनी छेडला की एक सूर विरायच्या आत दुसरा त्याच्यावर चढायचा आणि गाणारीचे शब्द त्यात बुडायचे. मालक तोंडावर बोलणारा माणूस. “तुहा बाजा गाणारीले खाऊन राहिला. अमरावतीले जमलं त जमलं, नाही त बेस दुसऱ्याच्या हाती.” कापसाच्या गाठी उचलायचं काम सोडून मी यात पडलो होतो. बेस गेला असता तर पुन्हा गाठीच होत्या.

बेस एस.टी.च्या टपावरून जाणार, म्हणून तू तो गोधडीत बांधलास. तारा आपटतील या धास्तीने त्यांच्याखाली कापूस ठासलास, लोणच्याच्या बरणीभोवती ठासावा तसा. मी म्हणालो, “माय, काहून एवढं?” तू मान वर केली नाहीस. “धक्क्यानं तुटली त तथी काय वाजवशीन? वाजवाच्या आंधी काढजो मात्र, नाही त आवाज बसन.”

अमरावतीत एस.टी. उशिरा पोचते. पडद्यामागे मी गोधडी सोडतोय आणि बाहेर पहिल्या गाण्याची घोषणाही झालीय. वरवरचा कापूस निघतो, पण तारा ज्या घोडीवर टेकतात तिच्याजवळचा बोळा काही हलत नाही. राहू दे म्हणतो. घाबरलेला हात आपोआप मानेकडे सरकतो. पिक खिशातच राहतं, अंगठ्याच्या मऊ भागाने मी तार दाबून सोडतो. सूर येतो, गोल, भरलेला, आणि पुढच्याला जागा देऊन निघून जातो. गाणारीचा श्वाससुद्धा ऐकू येतो. कार्यक्रम संपल्यावर मालक जवळ आला.

“आज काय केलं बे?”

“हात बदलला.”

“मंग हाच हात ठेव.”

बेस माझ्याकडे राहिला. पुढे अकोल्या-अमरावतीत लोक नुसत्या आवाजावरून मला ओळखू लागले. दर कार्यक्रमाला बेस तूच बांधायचीस, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाहीस.

तू गेल्यावर कापूस पहिल्यांदा मी भरला. जास्त झाला तर तार मुकी, कमी पडला तर पुन्हा तीच खडखड. तुझ्या बोटांचा दाब सापडेपर्यंत मी रडकुंडीला आलो होतो. लाकूड मी निवडलं, अंगठा माझा, मेहनतही माझी, त्याचा मला अभिमान आहेच. पण कुणी हाताचं कौतुक केलं की मी ताठ मानेने सांगतो, यातला अर्धा हात जिनिंगमध्ये काम करणाऱ्या माझ्या मायचा आहे.

हे सगळ्यांना सांगितलं, तुलाच तेवढं सांगितलं नाही. हा कागदही बेसच्या पेटीतच राहणार. अमरावतीहून परतलो त्या सकाळी तू भाकरी थापता थापता विचारलंस, “कापूस काढला होता ना?” मी हो म्हणालो. घोडीजवळचा बोळा परतीच्या वाटेवर ओढून काढला होता; खरं कळलं तर आवाज बसला असं वाटून तू भरणंच सोडशील, ही भीती होती. नंतरही दर वेळी तू विचारलंस आणि दर वेळी मी हो म्हणालो. माय, वाजवायच्या आधी मी तो एकदाही काढला नाही.