अठ्ठावीस गुण माझे, सोळा तिचे

मी, भूमितीचा निवृत्त शिक्षक, वय अठ्ठ्याहत्तर, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, कोणाचा धाक किंवा आग्रह नसताना, स्वहस्ते लिहून ठेवतो की या घटकेला माझे डोके ठिकाणावर आहे. उद्याची हमी देत नाही, म्हणून ही घाई.

कलम पहिले. राहते घर, दोन खोल्या आणि गच्ची, माझ्यामागे संपूर्णपणे माझ्या पत्नीचे. तिला मर्जीविरुद्ध येथून हलवणाऱ्यास माझी फूटपट्टीसुद्धा मिळू नये. हलवणारा म्हणजे आमचा एकुलता मुलगा. त्याने तिच्यासाठी वृद्धाश्रमात खोली ठरवली आहे. सोमवारी नेणार.

कलम दुसरे. कारण लिहिणे भाग आहे. मागच्या महिन्यात दवाखान्यात आम्हा दोघांची स्मरणशक्तीची चाचणी झाली, तीस गुणांची. घन काढा म्हणाले. मी जन्मभर फळ्यावर घनच काढले. पाच शब्द लक्षात ठेवा म्हणाले. मी त्यांचे एक वाक्य केले, मुलांना शिकवायचो तसे. मला अठ्ठावीस मिळाले. हिची शाळा दुसरीत सुटली. पेन्सिल तिने शिंप्याच्या खडूसारखी आडवी धरली. शंभरातून सात वजा करा म्हटल्यावर तिने डॉक्टरीणबाईंना विचारले, "कशातले सात, बाई?" घन पाहून म्हणाली, "ही पेटी उघडी आहे की बंद?" तिला पंधरा मिळाले. कमी शिकलेल्यांना एक गुण वाढवून देतात, म्हणून सोळा. शाळेबाहेर काढलेल्या साऱ्या आयुष्याचा एक गुण!

हीच बाई चाळीस वर्षे बारा-बारा गिऱ्हाइकांची मापे न लिहिता डोक्यात ठेवून शर्ट शिवत आली. एकही शर्ट परत आला नाही.

कलम तिसरे. शिलाई मशीन, कात्री, टेप तिचेच आहेत. मी देणारा कोण? बँकेतली ठेव तिची. माझी पुस्तके शाळेला, घेतली तर.

कलम तिसरे. गॅस दोनदा चालू राहिला, तो माझ्या हातून. मुलाने तिला झापले तेव्हा ती म्हणाली, "माझ्याच हातून राहिला रे." आणि मी, खाली मान घालून, चहा प्यायलो. याची मला लाज वाटते. केस कापून परतताना घर सापडेना म्हणून दोन तास चौकात उभा होतो, तोही मीच. ते पाच शब्द मात्र अजून पाठ आहेत.

(वर तिसरे कलम एकदा झालेले दिसते. असू द्या.)

मुलाला हे सांगितले. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही आईला पाठीशी घालताय. कागदावर स्पष्ट आहे ना!" चोर सोडून संन्याशाला फाशी, ती ही. आता माझी कोंडी पाहा. माझे डोके गेले म्हणावे, तर हे मृत्युपत्र रद्द. शाबूत म्हणावे, तर ज्या कागदाने मी शहाणा ठरलो त्याच कागदाने ती वेडी.

कलम पाचवे. डॉक्टरीणबाईंना हात जोडून विनंती. मृत्युपत्र मेल्यावर वाचतात, हे आजच वाचा. तिची तपासणी पुन्हा करा, वय आणि शाळा पाहून. तिच्या हातात कापड द्या, मापे विचारा. घरात काय घडते ते तिला एकटीला विचारा. माझी तपासणी अवघड करा.

कलम सहावे. लग्नाच्या वर्षी ती पाटी घेऊन माझ्यापुढे बसली होती. "मला शिकवा ना." मी म्हणालो, "आता शिकून काय दिवे लावायचेत?" हजारो मुलांना शिकवले, घरातल्या एका माणसाला नाही. तिचे ते चौदा गुण मी खाल्ले आहेत. हे कर्ज कोणत्याही कलमात बसत नाही. मुला, शिक्षा मला कर. सोमवारी खोली रिकामी ठेवायची नसेल तर मला ने. तिला राहू दे.

साक्षीदार: १. केशकर्तनालयवाले, ज्यांनी मला चौकातून घरी आणले. २. शाळेचे शिपाईमामा. दोघांनी माझ्यासमक्ष व एकमेकांसमक्ष सह्या केल्या.

सही: भूमितीचे सर.
ठिकाण: राहते घर.
दिनांक: बारा, बुधवार.

ती मशीनवरून म्हणाली, "अहो, आज शुक्रवार. चौदा."

दिनांक: चौदा, शुक्रवार.