आला. आली नाही.

३ मार्च
लेकीला ह्यांची उपग्रहांची वही हवी आहे. बाबांची आठवण म्हणून. म्हटलं, तपासून देते. सत्तावीस वर्षं नोंदणी कार्यालयात लोकांचे जन्म-मृत्यू तपासले, सवय जात नाही. तीन आठवड्यांपूर्वी ह्यांचा दाखलाही मीच तपासला. वडिलांच्या नावात वेलांटी चुकली होती!

४ मार्च
प्रत्येक ओळीत तारीख, वेळ, दिशा, शेरा. शेरा असा — ‘आला. आली नाही.’ आला की नाही, एक काय ते ठरवा! शिवाय उपग्रह पुल्लिंगी. पानोपानी तीच चूक. शिकलेला माणूस! लाल पेन्सिलीने सगळीकडचं ‘आली नाही’ खोडलं. दोन तास गेले. बरं वाटलं.

६ मार्च
पुढच्या वेळाही लिहून ठेवल्यात, थेट महिनाअखेरपर्यंत. स्वतःचा अंदाज तेवढा चुकला.

७ मार्च
खालच्या मजल्यावरचा शिंपी जिन्यात भेटला. गच्चीवर हा ह्यांचा जोडीदार. उद्या सात चौदाचा आहे, वहिनी, येता का, म्हणाला. मी म्हटलं, बघते.

हेही जिन्यातून असंच विचारायचे — येतेस का? चारच मिनिटं. माझा कुकर असायचा, नाहीतर इस्त्री. म्हणायची, पुढचा बघीन. पुढचा असायचाच.

८ मार्च
वही घेऊन गेले. गुडघ्यांनी कुरकुर केली. शिंप्याने शिकवलं — लुकलुकतं ते विमान, न लुकलुकता सरळ जातो तो आपला. आपला म्हणे! सात चौदाला वायव्येकडून आला. आमच्या कार्यालयात इतकं वेळेवर कोणी येत नसे. डोक्यावरून आग्नेयेकडे उतरला आणि एकदम विझला. बिघडला की काय, विचारलं. नाही हो, पृथ्वीच्या सावलीत गेला, म्हणाला, दिसत नाही एवढंच, आहे तिथेच.

असली वाक्यं समाचाराला आलेल्यांकडून महिनाभर ऐकते आहे, चहाबरोबर. हे एक तेवढं खरं निघालं.

मग शिंप्याने कानावरची पेन्सिल काढून पुढे केली.

“वहीत लिहा की. दादा इथेच लिहायचे. आधी त्याचं, मग जिन्याकडे बघून तुमचं.”

“माझं काय?”

“आली नाही.”

९ मार्च
लाल पेन्सिल रबराने जात नाही. कागद फाटतो. तीन पानांनंतर थांबले.

कालची ओळ भरली — ७.१४, वायव्य. आला. आली.

लेकीला कळवलं, वही मिळणार नाही. वापरात आहे.