अतिरिक्त पाणी

प्रिय विसर्गबाई,

संस्कृतच्या वर्गात सगळ्यांच्या शेवटी, धापा टाकत यायचीस म्हणून तुला हे नाव पडलं, आणि मी लंगडत यायचो म्हणून मला हलन्त, पायमोडकं अक्षर. नावं ठेवणारे कुठल्या कुठे पांगले, नावं मात्र चिकटली. चार गल्ल्या पलीकडे राहणारा माणूस टपालानं बोलतो म्हणून बोटं मोडशील, मोड. समोर आलो की मला विनोद सुचतात आणि मुद्दा राहून जातो, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

कापड रंगवणाऱ्या कारखान्याला व्याकरणाचा माणूस कशाला लागतो, असं तू मला एकदा विचारलं होतंस. लागतो बाई. हल्ली आमच्याकडे पाण्यापेक्षा पाण्याचे अहवालच जास्त वाहतात. पण खोटं कशाला बोलू, लोकांनी मनापासून प्रयत्न केले. आधी फिके रंग लावायचे, मग गडद, म्हणजे मधे यंत्र धुवायला नको. कापडाच्या शेवटच्या धुण्याचं पाणी पुढच्या कापडाच्या पहिल्या धुण्याला वापरायचं. गळके नळ तर साहेब स्वतः हुडकत फिरायचे, घरच्या नळाकडे त्यांनी कधी इतक्या प्रेमानं पाहिलं नसेल. तरीही आमच्या कूपनलिका एकामागून एक आटल्या. मग नगरपालिकेनं कारखान्याचं पाणी निम्म्यावर आणलं आणि साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. हा वाक्प्रचार इतका शब्दशः घडताना मी प्रथमच पाहिला.

त्यानंतरच्या बैठकीत भिंतीवर गावाचा नकाशा लावला होता. जिथे पाण्याची जोखीम तिथे लाल रंग. सगळा नकाशा गोवर आल्यासारखा लाल, आणि मधोमध एकच हिरवा ठिपका. तो ठिपका म्हणजे तुझी रोपवाटिका, तुझी विहीर. खाली लिहिलं होतं, 'पर्यायी स्रोत'. तुला आजवर लोकांनी बरंच काही म्हटलंय, पण हे कुणी म्हटलं नसेल. मला हसू आलं. पण मग भूजलाचे तज्ज्ञ उठले. त्यांनी शांतपणे सांगितलं की तुझ्या गल्लीतले सगळे हातपंप आणि तुझी विहीर खाली एकाच थरातून पाणी घेतात. कारखान्याच्या हिशेबानं उपसा केला तर दोन उन्हाळे निघतील, पुढे गल्लीला प्यायलाही उरणार नाही. मग साहेब म्हणाले, "दोन उन्हाळे पुरेत. तोवर नव्या जागेचं बघू." आणि चहा आला.

कराराचा मसुदा शुद्धलेखन तपासायला माझ्याकडेच आला. त्यात एकही चूक नाही. लिहिलंय की कंपनी तुझ्या विहिरीतलं फक्त 'अतिरिक्त पाणी' घेईल, आणि अतिरिक्त किती ते कंपनी ठरवेल. तू वाचशील आणि म्हणशील, उरलेलंच नेताहेत ना, नेऊ देत. तुझा स्वभाव मला माहीत आहे. रोपं विकत घ्यायला आलेल्याला तू आणखी एक रोप वर देतेस. पण तो शब्द फोडून बघ. अति म्हणजे फार, रिक्त म्हणजे रिकामं. संस्कृतच्या पंडितबाईंनी हा विग्रह आपल्याला गंमत म्हणून सांगितला होता, तेव्हा तू फिदीफिदी हसली होतीस. आणि हाच शब्द दुसऱ्या एका कागदावरही आहे. पाणी मिळालं नाही तर दुसरी पाळी बंद होईल, आणि त्या पाळीतली नवी माणसं 'अतिरिक्त' ठरतील. त्यांची नावंही मीच नीट लिहून दिली. त्यात माझी लेक आहे.

तू तिला ओळखतेस. सासरहून परत आली तेव्हा ती कशी होती, तेही पाहिलंयस. भिंतीकडे तोंड करून पडायची. तिची आई असती तर काही बोलली असती. मला नुसती सुभाषितं येतात, आणि सुभाषितांनी कुणी अंथरुणातून उठत नाही. मग आमच्याच कारखान्यात, रंगांच्या प्रयोगशाळेत, तिला काम मिळालं. आता रात्री पाळी संपली की नखांना निळा रंग घेऊन घरी येते, आणि मी आकाशी म्हटलं की माझ्यावर डाफरते, "बाबा, याला मोरपंखी म्हणतात, डोळे तपासून घ्या." कुणी डाफरल्यावर माणसाला इतकं बरं वाटू शकतं, हे मला ठाऊक नव्हतं. ते पुन्हा बंद होईल या विचारानं मी हल्ली ती येईपर्यंत दाराशीच बसून असतो. तिला अजून काही सांगितलेलं नाही. कोणत्या तोंडानं सांगू?

आता मुद्दा. येत्या रविवारी साहेब तुझं पाणी जोखायला येताहेत, दोन्ही अर्थांनी, आणि बोलणी करायला मला सोबत आणताहेत, कारण माझ्या शब्दाला तू आजवर नाही म्हटलेलं नाहीस. खरं तर मी तुला काही विचारलंच नाही कधी, पण ते त्यांना कुठे ठाऊक? मी येईन. नाही म्हणण्याची ताकद माझ्यात नाही. तुझ्या ओट्यावर बसून मी गोड बोलेन, लेकीचं सांगेन, आणि त्यातला शब्द न् शब्द खरा असेल. कदाचित रडेन, तेही खरंच असेल. तुला वाटेल, हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा काही मागतोय, देऊन टाकू. देऊ नकोस. मी हात जोडले तरी सही करू नकोस, आणि नंतर मी बोलेनासा झालो तरी पाणी दिलं असतं तर बरं झालं असतं असं मनात आणू नकोस. त्या दिवशी तुझ्यासमोर बसलेला बाप असेल. हे लिहितोय तो मात्र

तुझाच,
हलन्त