दुष्काळाचे थर

मंगळवार, संध्याकाळ. परभणी.

विभागप्रमुख सरांचा इतका राग आलाय की जेवणही गेलं नाही. गुहेत थेंबाथेंबानं वाढलेला चुनखडीचा खांब मी कापून आणला. त्याच्या थरांवरून जुन्या काळचा पाऊस कळतो. सरांचं संगणकी मॉडेल म्हणतं, तेव्हा पाऊस भरपूर होता. दगड म्हणतो, लांबलचक दुष्काळ. सरांनी त्याच दगडावर चहाचा कप ठेवला. सरळ दगडावर कप!

"मॅडम, तेवढे थर गाळून टाका की. मॉडेल लय मेहनतीनं बनवलंय आमी."

"मग तपासायला दगड कशाला मागवला?"

"जुळंल वाटलं होतं."

मी तो कप उचलून त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "तसं असेल तर शोधनिबंधातून माझं नाव काढा." थांबवतील असं का वाटलं मला? त्यांनी माझ्यासमोरच नाव खोडलं. आता निबंध छापून येईल, माझ्याशिवाय आणि दुष्काळाशिवाय.