अर्ध्या सुताची फट

आबा, यंदा खंडेनवमीला मी तुमची पेटी उघडली. दहा वर्षं नुसती वरून पुसत होतो, झाकणावर हळदकुंकू आणि एक झेंडूचं फूल ठेवून हात जोडत होतो. यंदा तुमच्या सुनेनं शेडमधल्या बाकीच्या हत्यारांकडं बघितलं, मग तुमच्या पेटीकडं, आणि म्हणाली, "मशिनींना तेलपाणी, अन् आबांच्या हत्यारांना बंद दारावरनं दर्शन व्हय? आत गंजून मेली असतील बिचारी." मी म्हणालो, किल्ली सापडत नाही. ती म्हणाली, "किल्ली देवाच्या फोटोमागं हाय, आणि ती तिथं हाय हे तुमास्नीबी ठावं हाय." मी किल्ली काढून आणली. पेटीत काय सापडलं ते सांगायचं तर आधी त्या दिवसाकडं जावं लागेल, आणि तिकडं जायचं मी अकरा वर्षं टाळत आलोय.

लाकडात खाचा कापायचा राउटर घेतला तेव्हा तुम्ही त्याला भुंगा म्हणायचा. सुरू केला की कानात बोटं घालून उचगावच्या आपल्या शेडबाहेर जाऊन बसायचा. पण आपल्या गावच्या शंभूच्या देवळाचं काम आलं, गाभाऱ्याची सागवानी दारं, दोन्ही फळ्यांवर मिळून चांदीची बारा बेलपानं बसवायची, आणि त्यांच्यासाठी लाकडात तंतोतंत पानाच्या आकाराच्या खाचा हव्या होत्या. तेव्हा तुम्ही भुंग्याजवळ आलात. मी मशीन उलटी करून दाखवली. खालची बेस प्लेट, तिच्या मधोमध बसवलेला कड्यासारखा लोखंडी बुश आणि बुशातून खाली येणारं पातं. बुश लाकडावर ठेवलेल्या प्लायच्या साच्याच्या कडेला घासत फिरतो आणि पातं त्याच्या आतून कापतं, म्हणून खाच साच्यापेक्षा लहान निघते. हे समजायला मला दोन फळ्या वाया घालवाव्या लागल्या होत्या. तुम्ही नुसतं बोट फिरवून बघितलंत आणि म्हणालात, "म्हंजे बुशाची कड जेवढी, तेवढा साचा मोठा करायचा. त्यात काय हाय?" मग नटाखाली घालतात तसला एक लोखंडी वायसर शोधलात, बरोबर एक सूत कडेचा. त्याच्या भोकात पेन्सिल धरून तो हुपरीच्या चांदीकारांनी मापासाठी पाठवलेल्या कागदी पानाभोवती हळूहळू गोल फिरवलात, आणि पानापासून एक सूत लांब, इंचाचा आठवा भाग, अशी रेघ प्लायवर उमटली; तिच्यावर कापून साचा केलात. मशीन कडेला डुलते म्हणून तिला ॲक्रिलिकची मोठी बेस प्लेटही तुम्हीच करून दिलीत. अंघोळ केल्याशिवाय तुम्ही त्या साच्याला हात लावला नाहीत. देवाचं काम हाय, म्हणायचा. संध्याकाळी रद्दी फळीवर चाचणी घेतली. कागदाचं पान खाचेत असं बसलं की नखानं उचलावं लागलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मोतीबिंदूच्या तपासणीला गेलात. जाताना दारातून मागं वळून म्हणालात, "बुश तसाच ऱ्हाऊ दे. चाचणी त्याच्यावरच घेतलीया." मी हो म्हणालो. सकाळी एका कपाटाच्या बिजागऱ्यांचं काम घाईचं होतं, त्यासाठी मी मोठा बुश काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि लहान बसवला. दुपारी बेलपानं सुरू केली. पातं तेच, साचा तोच. बाराच्या बारा खाचा एका दमात कापल्या. भुसा उडतोय, सागाचा वास येतोय, आणि मी मनात नामस्मरण करत मशीन फिरवतोय, आपल्या हातून देवाची सेवा होतेय या आनंदात.

दुसऱ्या दिवशी सकाळी हुपरीचे चांदीकार पानं घेऊन आले, बरोबर देवळाचे दोन पंच. पहिलं पान खाचेत ठेवलं आणि ते हललं. चोहोबाजूंनी अर्ध्या सुताची फट. दुसरंही तसंच. चांदीकार म्हणाले, "पानं मापातच हाईत बगा, कागद लावून बगा." एक पंच म्हणाला, "मिस्त्री, देवाच्या दाराला असं चालंल व्हय?" आणि मी तुमच्याकडं वळून, त्या तिघांसमोर, म्हणालो, "आबा, दिसत नाही तर साचे कशाला करता? आधी डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्या, मग मापं काढा."

तुम्ही साचा उचलून उजेडात धरलात. मग आडव्या पडलेल्या मशीनकडं बघितलंत. मग खिडकीपाशी गेलात आणि तिला पाठ लावून उभे राहिलात. "व्हय," म्हणालात, "माझंच चुकलं. डोळ्यांनी दगा दिला. पोराचा काय दोष न्हाई त्यात." मग पंचांना म्हणालात, "लपायचं न्हाई आता हे. मग दिसूच दे की नीट. आठ दिस द्या."

त्या संध्याकाळी मशीन पुसताना मी ती उलटी केली आणि लहान बुश बघितला; त्याची कड अर्धं सूत कमी, म्हणूनच खाचा तेवढ्या मोठ्या. आबा, मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. मोठा शोधायला खिडकीपाशी गेलो तर तो तिथं नव्हता. भुशात पडून झाडण्यात गेला असेल, असं धरून चाललो. उद्या सांगू म्हणालो. उद्या तुम्ही फटीत भरायला शिसवाच्या अर्ध्या सुताच्या पट्ट्या काढत होता, गरम पाण्यात भिजवून पानाच्या वळणावर वाकवत होता, एका डोळ्यानं बघत, पटाशीनं टोकं जुळवत. परवा सांगू म्हणालो. आठ दिवस तुम्ही माझ्यासमोर बसून माझी चूक भरून काढत होता आणि मी तुम्हाला चहा आणून देत होतो. तुम्हाला ती तुमचीच वाटते आहे, आता सांगून तुम्हाला नवा त्रास कशाला, अशी मी माझी समजूत घातली होती.

महाशिवरात्रीला दारं बसली. चांदीच्या पानाभोवती शिसवाची काळी रेघ इतकी सुरेख दिसत होती की लोक हात लावून बघत होते. तुम्ही रांगेत शेवटी उभे होता. कुणी साचा करून मागितला तर "माझ्या मापाचा भरवसा न्हाई आता" म्हणायचा. ऑपरेशन झालं, नजर आली, तरी तेच म्हणायचा. पुढल्या वर्षी वैशाखात तुम्ही गेलात. शेवटच्या दुपारी मी तुमचे पाय चेपत होतो. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, आणि तेव्हाही मी सांगितलं नाही.

पेटीत वरच्या कप्प्यात पटाश्या होत्या, प्रत्येकीला तेल लावून फडक्यात गुंडाळलेली. एकही गंजली नव्हती. खाली, तुमच्या जुन्या टोपीच्या घडीत, तो वायसर होता आणि त्याच्यासोबत मोठा बुश. मी तो तळहातावर घेतला. सुनेनं विचारलं, "काय हाय ते?" मी म्हणालो, मशीनचा जुना भाग. मग साचा शोधून काढला, तो बुश बसवला आणि रद्दी फळीवर एक पान कापलं. कागद खाचेत ठेवला. नखानं उचलावा लागला.

मला वाटायचं, तुम्हाला माहीत नव्हतं. तुम्ही आपली चूक समजून गेलात, हे ओझं मी दर सोमवारी त्या दारापुढं घेऊन जायचो, आणि ते कसंबसं पेलवायचं. आता कळलं की खिडकीला पाठ लावून उभे होता तेव्हा तुमचा हात मागं काय करत होता. बुश पंचांच्या नजरेला पडू नये म्हणून तुम्ही तो उचललात. त्यानंतरचे सगळे महिने तुम्ही माझ्या तोंडाकडं बघत असणार. एकदा तरी हा सांगेल, म्हणून. की तेवढीही अपेक्षा तुम्ही ठेवली नव्हती? हे मला आता कोण सांगणार?

गावच्या शाळेत शिकलेल्या अक्षरात एवढं लिहिलं. टपालात टाकायला पत्ता नाही, म्हणून हे कागद टोपीच्या त्याच घडीत ठेवतो. पण एक राहिलं. गेल्या आठवड्यात हुपरीचे तेच चांदीकार नवं काम घेऊन आले होते. आता तेही थकलेत. दारांचा विषय निघाला तसे नेहमीप्रमाणे म्हणाले, "म्हाताऱ्याची नजर गेलती, पर हात न्हवता गेला की, मिस्त्री!" आणि मोठ्यानं हसले. मोठा बुश माझ्या खिशात होता. मी तो मुठीत धरला होता, आणि शेडमध्ये आम्ही दोघंच होतो.

मी हसलो, आबा. त्यांच्याबरोबर हसलो.