साठच्या पुढचे चव्वेचाळीस

प्रिय आत्या,

तुझ्या पायांना, त्यातल्या डाव्या गुडघ्याला जरा हलक्या हाताने, नमस्कार. गुडघा शेकतेस का, आणि शेकून झाल्यावर लगेच उठून बादल्या उचलायला जातेस का, हे मला खरं खरं कळायला हवं. (वहिनी, पत्र तूच वाचून दाखवणार म्हणून सांगते, कंसातलं सगळं मनात वाच. आणि तिथे थांबू नकोस. तू थांबलीस की आत्याला कळतं की काहीतरी गाळलं.) आम्ही दोघंही धडधाकट आहोत. हे आधीच सांगितलं, कारण शनिवारी दुपारी बाराला बाबांना घेऊन मी तुझ्या दारात असायला हवी होते, आणि आम्ही आलो नाही. संध्याकाळी मी फोनवर नुसतं ‘सुखरूप आहोत, पत्र लिहिते’ म्हटलं आणि ठेवला. तू तोपर्यंत ओट्यावरून हलली नव्हतीस, हे मला वहिनीने नंतर सांगितलं. फोनवरच सगळं सांगायचं होतं, पण फोनवर तू मला मध्येच तोडतेस, आणि मला क्रमाने सांगितल्याशिवाय काही सांगता येत नाही.

तुझा निरोप आम्ही दोघांनीही मान्य केला होता, हे मी नाकारत नाही. एका डोळ्यामुळे बाबांचं लायसन्स पुन्हा मिळालं नाही, तेव्हापासून पाच महिने ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसतात आणि महिना बदलला तरी पान मीच उलटते. मी दिवसभर कचेरीत दुकानदारांचे तराजू तपासणार, घरी त्यांच्याशी बोलायला कोण? तुझ्याकडे माणसं आहेत, तेव्हा त्याला कायमचा माझ्याकडे आणून सोड, असं तू म्हणालीस ते रास्तच होतं. मी बाबांना विचारलं, ते ‘बरं’ म्हणाले. त्यांनी मला विचारलं, ‘चालेल ना तुला?’ मीही ‘बरं’ म्हटलं. (वहिनी, दोघांचीही ‘बरं’ सारखीच होती.) मग त्यांची पत्र्याची ट्रंक भरली. पाच शर्ट, दाढीचं सामान आणि साहेबांच्या गाडीवर असतानाची ती पांढरी टोपी. टोपी त्यांनी दोनदा बाहेर काढली आणि दोनदा आत ठेवली.

निघतानाच पहिली गडबड झाली. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या आधी खाली गेले, त्यांनी गाडीचं मागचं दार उघडून धरलं आणि मी बसले. त्यांनी दार लावलं, असं की आवाजही येऊ नये, आणि वळसा घालून ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसले. आम्ही दोघंही तसेच बसून राहिलो. एकतीस वर्षं त्यांनी असंच दार उघडलंय, आणि कोणी आपल्यासाठी दार उघडलं तर गुपचूप बसायचं हे मी त्यांच्याकडूनच शिकलेय. किल्ली माझ्या हातात होती. शेवटी ते आरशात बघून म्हणाले, ‘बाईसाहेब, आज तुम्हीच घ्या.’ पाच महिन्यांतला हा त्यांचा पहिला विनोद, म्हणून मी तो तारखेसह लिहून ठेवलाय.

आता हमरस्ता. गाडी घेतली त्या दिवशी तू माझ्याकडून शब्द घेतलास की साठच्या वर जाणार नाही. तो मी पाळत आले, अगदी मागून भाजीचे टेम्पो हॉर्न मारत असतानासुद्धा. गाडीचं माहितीपुस्तक मी दोनदा वाचलंय आणि महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारल्यात (जवळजवळ सगळ्याच ओळींखाली). शनिवारी रस्ता मोकळा होता, तरी मी साठवरच होते. एकदा काटा पासष्टवर सरकला तसा बाबांचा उजवा पाय खालच्या मॅटवर दाबला गेला. बिचारे ब्रेक मारतायत, असं वाटून मी पंचावन्नवर आले. त्यांनी आणखी जोरात दाबला. मी पन्नासवर आले. शेवटी आम्हाला एक ट्रॅक्टर मागे टाकून गेला, आणि त्याचा ड्रायव्हर आमच्याकडे ज्या काळजीने बघत होता तशी काळजी तू सोडून कुणी केली नसेल.

मग पुढे विटांचा एक ट्रक आला. तो डुलत होता आणि त्यातून लाल धूळ उडून नव्या काचेवर बसत होती. मी मागे मागे राहून तीन किलोमीटर धूळ खाल्ली. बाबांना खोकला आला. तेव्हा मी आरसा बघितला, दिवा दाखवला, पुन्हा आरसा बघितला (पुस्तकात एकदाच बघायला सांगितलंय) आणि पाय दाबला. आत्या, मला वाटलं होतं गाडी घाबरेल. ती घाबरली नाही. ऐंशीला ट्रक मागे पडला, नव्वदला खडखडाट थांबला आणि नुसता घूं असा एकसुरी आवाज उरला. स्टिअरिंग हलकं झालं. जिन्याची पायरी नसताना पाऊल टाकावं तसं झालं, फक्त पाऊल खाली पडेना, ते पुढेच चाललं. सगळा रस्ता धावत येऊन गाडीखाली शिरत होता. घरची, कचेरीची, गॅस बंद केला का याची, मला वाहून न्यायची सवय असलेली एकही काळजी त्या वेगाला माझ्याबरोबर आली नाही. त्या मागे त्या ट्रकच्या धुळीत राहिल्या असाव्यात. बाबा म्हणाले, ‘हां. आता उघडली.’

आणि मग बाबा बोलायला लागले. कुठल्या वळणाला साहेबांची चहाची किटली सांडली, कुठे पावसात चाक रुतलं, सगळं. साठ हा आकडा बाबांचा नव्हताच, हेही तेव्हाच कळलं. साठच्या वर गाडी गेली की साहेबांची झोप मोडायची, म्हणून एकतीस वर्षं साठ. तो आकडा बाबांनी घरी आणला, तू तो उचललास आणि माझ्या गळ्यात बांधलास. बाबा म्हणाले, ‘गाडीचा पाय मोकळा करावा असं रोज वाटायचं. पण मागे माणूस झोपलेला.’

मी काट्याकडे बघितलं तेव्हा तो एकशे चारवर होता. रस्त्याची मर्यादा शंभर. मी लगेच पाय काढला आणि म्हटलं, ‘बाबा, तुमच्या बहिणीचा फाटा आता यायला हवा.’

‘गेला.’

‘कधी?’

‘मघाशी. बारा-तेरा किलोमीटर झाले असतील.’

‘मग सांगितलं का नाही?’

‘ड्रायव्हर चालवत असताना मध्ये बोलू नये,’ बाबा म्हणाले. (वहिनी, बारा किलोमीटर ते अखंड बोलतच होते.)

पुढे तपासणी नाका होता. कोणी अडवलं नव्हतं, मीच गाडी बाजूला घेतली, हवालदारांना नमस्कार केला आणि चार किलोमीटर जास्त वेगाने आल्याचं सांगितलं. ते माझ्याकडे बघून बाबांकडे बघायला लागले. ‘काका, ह्यांना बरं नाही का?’ बाबा म्हणाले, ‘लहानपणापासून अशीच आहे. सत्तर मार्कांच्या पेपरात एकदा बहात्तर मिळाले तर दोन परत करायला गेली होती.’ ‘चार वर आम्ही बघत नाही हो, ताई,’ हवालदार म्हणाले, ‘जा.’ मी म्हटलं, आमच्या कचेरीत किती फरक चालेल ते लिहिलेलं असतं, तुमच्याकडे ते कुठे लिहिलंय? तेव्हा त्यांनी मला हात जोडले. बाबा हसत होते. डोळ्यातून पाणी येईपर्यंत हसले, दोन्ही डोळ्यांतून. त्यानंतर मला गाडी उलटी वळवून तुझ्या फाट्याकडे न्यायची होती. मी ती वळवलीही. पण फाटा आला तेव्हा माझा हात दिव्याच्या दांडीकडे गेला नाही, आणि बाबाही काही बोलले नाहीत. ह्या वेळी मात्र ते खरंच गप्प होते.

मी तुझा शब्द मोडला, तुला ओट्यावर ताटकळत ठेवलं, त्याबद्दल तू बोलशील ते मी खाली मान घालून ऐकेन. यापुढे साठच.

तुझी,
भित्री भाची

ता. क. रविवारी कचेरीतलं स्टॉपवॉच नेऊन रस्त्याच्या कडेच्या किलोमीटरच्या दगडांवर वेग मोजला. पाच किलोमीटरला तीन मिनिटं दोन सेकंद. म्हणजे काटा एकशे चार दाखवतो तेव्हा गाडी खरी नव्याण्णवच्या आतच असते. मी मर्यादा मोडलीच नव्हती. जरा वाईट वाटलं. दगड बाबांनी पुकारले, एका डोळ्याने, एकही चुकला नाही. (हे तपासायला पुन्हा एकशे चारवर जावं लागलं. दोनदा, कारण एका मोजणीवर विसंबू नये.)

ता. क. २. वहिनी, हे मोठ्याने वाच. आत्या, ट्रंक न्यायला दादाला पाठवू नकोस. ती बाबांनी रिकामी केली, आणि मीही त्यांना थांबवलं नाही. मला खरं तर तुझ्या पहिल्या निरोपालाच ‘नको’ म्हणायचं होतं, पण तू मोठी आहेस आणि बरोबर होतीस. तू अजूनही बरोबर असशील. तरी त्यांना माझ्याकडेच राहू दे. दर रविवारी आम्ही तुला भेटायला येऊ. फाटा सापडला तर.

ता. क. ३. आज मॅट धुवायला काढलं. ब्रेक मारणाऱ्याचा पाय मधे दाबतो. बाबांच्या बुटाचा ठसा मधे नाहीच. टाच एका जागी टेकलेली आणि चवडा पार उजव्या कडेला, जिथे माझ्या बाजूला ॲक्सिलरेटर असतो. आणि मी बिचारी दरवेळी वेग कमी करत होते. मॅट तसंच परत ठेवलंय.